पैकी चार: एका फरशीवरच्या आकड्याचं प्रकरण

गुहागर तालुक्यात दाभोळ खाडीच्या काठाला एक गाव आहे. गावाचं नाव आणि माणसांची नावं इथे मुद्दाम देत नाही. ती आता दगडावर कोरलेली आहेत, तिथे असणं पुरेसं आहे. प्रकरण मात्र लिहून ठेवतोय, कारण पहिल्या महायुद्धावर गेलेल्यांचा आणि मेलेल्यांचा आकडा कोरलेली अशी फरशी असलेली गावं कोकणात एकदोन नाहीत. ज्या शाळांच्या आणि चावड्यांच्या भिंतींत त्या बसवल्या, त्या इमारती आता एकेक करून खाली येतायत. फरशी डबराबरोबर भरावात गेली की विषय संपला.

या गावातली जिल्हा परिषदेची जुनी शाळा जांभ्याच्या चिऱ्यांची, मंगलोरी कौलांची होती. २०२४ च्या उन्हाळ्यात तिचं निर्लेखन, म्हणजे पाडून टाकणं, मंजूर झालं. पडवीच्या भिंतीत डोक्याच्या उंचीवर दीडेक फुटाची संगमरवरी फरशी होती. शाळेला रंग काढताना तिच्यावरूनही कुंचला फिरायचा, त्यामुळे वर्षानुवर्षं ती भिंतीचाच एक फुगीर तुकडा होऊन बसली होती. भिंतीला पहार लागली तशी ती सुटली आणि खालचा एक कोपरा गेला. शेजारीच राहणारे, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले एक हवालदार आवाज ऐकून धावले. मजुरांच्या हातून फरशी घेऊन ते घरी गेले आणि न्हाणीच्या दगडावर काथ्याने घासत बसले. चुना आणि ऑइलपेंटचे पापुद्रे निघाले तसा खाली इंग्रजी मजकूर दिसायला लागला. अक्षरं खोल कोरलेली, काही ठिकाणी आतला काळा रंगही शाबूत.

मजकूर चार ओळींचा. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, पैकी चौघांनी प्राण दिले. एवढंच. गेलेल्यांच्या आकड्यातला दुसरा अंक झिजलेला आहे. तो तीन की आठ यावर अजून एकमत नाही. चार मात्र स्पष्ट आहे. नाव एकही नाही. कुठली वाडी, कुठली पलटण, कुठे मेले, काही नाही.

युद्ध संपल्यावर ज्या गावांतून भरती मोठी झाली तिथे सरकारने अशा फरश्या लावल्या. त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आजचा सिंधुदुर्गही बराचसा धरून, पलटणीत, पोलिसांत आणि मुंबईच्या गिरण्यांत माणूस जायचा. शेती तुटपुंजी, मनिऑर्डरीवर घर. १९१४ ते १९१८ या काळात हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या आसपास माणसं या युद्धात गेली आणि सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. आमच्या फरशीवरचे चार त्यातले.

मी त्या गावचा नव्हे, शेजारच्या गावचा. पण त्या शाळेत बरीच वर्षं शिकवलं, म्हणून कागदपत्रांचं काम आपसूक माझ्याकडे आलं. हवालदारांनी फोन केला तो असा: "गुरुजी, ह्यात चार माणसं आहेत, पण त्यांची नावं खाल्लीयेत कुणीतरी."

गणपतीतली सभा

कोकणातल्या गावाचा कुठलाही मोठा निर्णय गणपतीत, शिमग्यात नाहीतर मे महिन्यात होतो, कारण तेव्हाच चाकरमानी घरी असतो. २०२४ ला गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. सहाव्या दिवशी गौरी-गणपतीचं विसर्जन आटोपलं आणि देवळाच्या सभामंडपात सभा बसली.

प्रस्ताव तीन आले. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाचा प्रस्ताव सगळ्यात जोरात होता. फाट्यावर स्वागत कमान आणि तिच्यावर बंदूक रोखून उभा जवानाचा पुतळा. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "गावाची ओळख रस्त्यावरून दिसली पाहिजे." वर्गणीची तयारी होती, एका देणगीदाराचं नावही ठरलं होतं, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच होती: कमानीवर चौघांचं नाव येणार नव्हतं, कारण ते कुणाला माहीत नव्हतं, देणगीदाराचं मात्र आलं असतं.

दुसरा प्रस्ताव सरपंचताईंचा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये 'मेरी माटी मेरा देश' अभियानात ग्रामपंचायतीसमोर शिलाफलक बसवला होता. त्यावर गावातल्या वीरांची नावं घालायची होती. तेव्हा एकच नाव गेलं, १९७१ च्या युद्धात पडलेल्या एका जवानाचं. त्याच्याच बाजूला जुनी फरशी सिमेंटात बसवावी, खर्च कमी, काम आठवड्यात पुरं. तिसरा प्रस्ताव हवालदारांचा होता आणि तो कुणाला प्रस्तावच वाटला नाही. ते म्हणाले, आधी नावं शोधू, मग काय बांधायचं ते बांधू.

कमानीचं पारडं जड होतं. ते खाली आलं ते मात्र आमच्या युक्तिवादाने नव्हे. मालवणला राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ च्या नौदल दिनी उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला होता. सभेच्या दिवशी ती गोष्ट जेमतेम अडीच आठवड्यांची होती आणि मंडपातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर ते फोटो होते. गावातल्या एका सुताराने विचारलं, आपल्या कमानीतल्या सळीला खाडीचा वारा लागणार नाही का? त्याला उत्तर नव्हतं. खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं, आणि फुगलं की भोवतालचा दगड नि काँक्रीट आतून फोडतं. हे इथल्या प्रत्येक घरमालकाला आपल्या स्लॅबवरून ठाऊक आहे.

जवानाच्या पुतळ्याबद्दल माझं वेगळं म्हणणं होतं, ते मी तेव्हा मांडलं. पुतळा म्हटलं की बंदूक रोखलेलाच का? याच किनारपट्टीवर खाली कारवारजवळच्या चेंडियाचे राम राघोबा राणे. परमवीर चक्र मिळालं तेव्हा हयात असलेले ते पहिले. बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलाचा, हा तरुण अधिकारी. १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर रणगाड्यांना वाट करून देण्यासाठी सुरुंग काढणं, रस्त्यात आडवी टाकलेली झाडं हटवणं, जखमी असताना पुन्हा तेच करणं, हे त्यांनी दिवसेंदिवस केलं. पुढे रणगाडा चालावा म्हणून त्याच्या पोटाखाली सरपटत जाणाऱ्या माणसाचा पुतळा कोण उभारणार? आणि आमच्या चौघांच्या हातात शेवटच्या घटकेला बंदूक होती की नव्हती, हे तरी कुठे माहीत होतं?

सभेत ठरलं ते अर्धवट. कमान 'तूर्त' बाजूला, फरशी हवालदारांच्या घरी, आणि शोधाला पुढच्या मे महिन्यापर्यंत मुदत.

कांस्याची चकती

पहिलं नाव देवघरात सापडलं.

वरच्या वाडीतल्या एका घरी आम्ही युद्धावर गेलेल्या पूर्वजाबद्दल विचारायला गेलो. म्हाताऱ्या काकी म्हणाल्या, "तसा कागद नाही हो, पण सरकारातून आलेली देवी आहे." देव्हाऱ्यात टाक, बाळकृष्ण, शाळीग्राम, आणि त्यांच्या मागे उभी करून ठेवलेली बशीएवढी जाड चकती. हळदीकुंकवाचे थर इतके की नक्षी बुजलेली. काकींनी स्वतःच चिंच लावून ती घासली. आधी एक उभी बाई दिसली, हातात माळ. मग सिंह. काकी म्हणाल्या, "बघा, म्हटलं नव्हतं, देवीच आहे." त्यांच्या सासूबाईंनी नवरात्रात तिला घट दाखवलेले आठवत होते. मग उजव्या बाजूला एका चौकटीत उठावाची इंग्रजी अक्षरं आली: एका माणसाचं पूर्ण नाव.

महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या वारसाला ब्रिटिश सरकारने अशी कांस्याची चकती पाठवली होती. व्यास सुमारे बारा सेंटिमीटर. बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटनचं मूर्त रूप, खाली सिंह, कडेने इंग्रजीत एक ओळ, की हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. नावापुढे हुद्दा नाही. मरणात सगळे सारखे म्हणून तो मुद्दाम ठेवला नव्हता. कोणाच्या स्वातंत्र्यासाठी, हा प्रश्न त्या चकतीला विचारण्यात अर्थ नाही, पण मनात आला खरा. अशा कित्येक चकत्या मोडीत गेल्या असतील. ही वाचली ती देवी समजली गेल्यामुळे.

नाव हातात आल्यावर पुढचं काम सोपं झालं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशन, म्हणजे युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था, तिच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची यादी शोधता येते. नोंदीत पलटण, क्रमांक, मृत्यूची तारीख, स्मारकाचं नाव, आणि बऱ्याच हिंदी शिपायांच्या बाबतीत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा अशी जोड माहिती असते. हाच खरा खजिना आहे. ज्यांना आपल्या गावासाठी हे करायचंय त्यांनी गावाच्या नावाने शोधायला बसू नये, कारण कारकुनाने ते ऐकू येईल तसं इंग्रजीत लिहिलंय आणि एकाच गावाची चार रूपं मिळतात. जोड माहितीच्या रकान्यात तालुका टाकावा, आणि तोही त्या काळचा. गुहागर तेव्हा स्वतंत्र तालुका नव्हता, चिपळूणचा पेटा, म्हणजे पोटविभाग, होता, मंडणगड दापोलीचा. आम्ही गुहागर टाकत बसलो असतो तर जन्मात काही मिळालं नसतं. चिपळूण आणि रत्नागिरी टाकल्यावर मिळालेल्या नोंदी एकेक करून चाळल्या.

काकींच्या घरचा माणूस ११० व्या मराठा पलटणीतला. स्मारक: बसरा. तारीख १९१६ च्या पावसाळ्यानंतरची.

तारीख वाचून हवालदार गप्प झाले, मग म्हणाले, "म्हणजे कैदेत." त्यांचा हिशेब असा. ११० वी पलटण सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होती. त्याच डिव्हिजनमध्ये १०३ वी आणि ११७ वी मराठा याही होत्या. आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीच्या वळणात, कुत-अल-अमारा इथे ही डिव्हिजन ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्की वेढ्यात अडकली. अन्न संपत आलं तेव्हा घोडी मारायला घेतली. धर्माच्या अडचणीमुळे बऱ्याच हिंदी शिपायांनी ते मांस बरेच दिवस टाळलं, आणि आधीच कमी झालेल्या शिध्यात स्कर्व्हीने त्यांना पोखरलं. सोडवायला आलेल्या फौजेचे तेवीस हजारांच्या आसपास लोक कामी आले किंवा जखमी झाले, पण वेढा फुटला नाही. शरणागतीनंतर तेरा हजारांच्या घरातली माणसं कैदी झाली. त्यांतल्या साध्या शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, पुढे रेल्वेच्या कामाला जुंपलं. एप्रिलनंतरची तारीख म्हणजे हा माणूस वेढ्यातून जगला आणि त्या वाटेवर किंवा कामावर मेला, हा अंदाज बरोबर असण्याचीच शक्यता जास्त.

बसऱ्याच्या स्मारकावर, ज्यांची कबर किंवा दहनाची जागा ठाऊक नाही अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांची नोंद आहे. पण तिथल्या भिंतीवर गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं गेलं आणि हिंदी पलटणींच्या बाबतीत अधिकाऱ्यांची नावं देऊन खाली 'आणि इतर इतके हिंदी शिपाई' असा आकडा. नावं वहीत गेली. म्हणजे गावातल्या फरशीवर आकडा, आणि हजारो मैलांवर जिथे तो मेला तिथल्या दगडावरही आकडाच. कमिशनने २०२१ मध्ये स्वतःच्या चौकशी अहवालात हे मान्य केलं: पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार मृतांचं स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीने झालं नाही, आणि आणखी किमान १ लाख १६ हजारांची नावं नोंदलीच गेली नाहीत. त्यात आशिया-आफ्रिकेतलेच बहुतेक.

हे कळल्यावर माझ्या दृष्टीने प्रकरणाचा निकाल लागला. आकड्याला हार घालून सन्मान होत नाही. तो कितीही मोठ्या कमानीवर चढवा, तो आकडाच राहतो.

बाकीचे तीन

दुसरं नाव तालुका धरून शोधताना मिळालं आणि शाळेच्या जनरल रजिस्टरने पक्कं केलं. रजिस्टरात त्याच्या पुतण्याची नोंद होती, आडनाव, वाडी आणि आजोबाचं नाव जुळत होतं. हा शिपाई परदेशी गेलाच नव्हता. १९१८ च्या ऑक्टोबरात, इन्फ्लुएन्झाची साथ ऐन भरात असताना, हिंदुस्थानातच मेला. त्याची नोंद दिल्लीच्या इंडिया गेटवर. गावातली निम्मी माणसं सहलीला जाऊन त्या गेटसमोर फोटो काढून आलेली आहेत. वर तेरा हजारांहून अधिक नावं आहेत हे ऐकून माहीत होतं, वाचायला कुणी मान वर केली नव्हती.

पण यावरून गावात कुरकुर झाली. तापाने मेला तो वीर कसा? असा ताप तर तेव्हा घरोघर होता. मंडळाच्या एका तरुण सभासदाने हे बोलून दाखवलं, बाकीचे मनात म्हणत होते. हवालदारांचं उत्तर मला आजही पटतं: सैनिक कसा मरायचं ते ठरवत नाही, कुठे जायचं तेही ठरवत नाही, तो फक्त हजर राहतो. कुतमध्ये गोळीने किती गेले आणि भुकेने किती, हे वेगळं काढायला बसलात तर फरशीवरचे चारही राहणार नाहीत.

तिसरं नाव बौद्धवाडीतलं. घरात कागद नव्हता, पण 'आमचा एक आजा महार पलटणीत गेला तो आलाच नाही' हे तोंडोतोंडी टिकून होतं. यादीत तो १११ व्या महार पलटणीत सापडला, जुन्या पद्धतीने नावाच्या शेवटी 'नाक' लावून. कोरेगाव भीमाच्या १८१८ च्या लढाईच्या रणस्तंभावरही अशीच नावं आहेत. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत कोकणातला महार शिपाई मोठ्या संख्येने होता. खाडीपलीकडचं दापोली तर पेन्शनर शिपायांचं गाव. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार निवृत्तीनंतर काही काळ तिथेच राहिले. १८९० नंतरच्या काळात सरकारने ही भरती बंद केली. १९१७ मध्ये माणसं कमी पडायला लागली तेव्हा १११ वी पलटण उभारली, आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. पुन्हा महार रेजिमेंट उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडावा लागला. हे सगळं ऐकून वाडीतल्या एका पोराने जे विचारलं ते तिरकस होतं पण खोटं नव्हतं: "मरायला बोलावलं, आणि मेल्यावर नावही नाही?"

कॉलेजात शिकणाऱ्या दुसऱ्या एका मुलाने वेगळी बाजू धरली. हे सगळे इंग्रजांसाठी लढले, त्यांचा सन्मान आपण का करायचा? प्रश्न रास्त आहे आणि तो दाबून टाकू नये असं मला वाटतं. माझं उत्तर एवढंच की साम्राज्याचा सन्मान आणि शिपायाचा सन्मान ही दोन वेगळी कामं आहेत. ११० वी मराठा पलटण पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली. याच बटालियनचा नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. १० जुलै १९४४ ला इटलीत तायबर नदीच्या खोऱ्यात त्याच्या सेक्शनवर मशीनगनचा मारा झाला आणि बाकी सगळे पडले किंवा जखमी झाले. तो एकटा धावून गेला, हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, एकाला टॉमीगनने टिपलं, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर चालवली. मग छातीत आणि पाठीत गोळ्या लागून, घेतलेल्या मोर्चातच पडला. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्याचीही कबर नाही, कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. माणगावात त्याचा पुतळा आहे, आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोंटोने गावाने त्याच्या नावाचं सूर्यघड्याळाचं स्मारक केलं. मोंटोनेच्या लोकांना त्याचं सरकार कुठलं होतं हे ठाऊक आहे. तरी त्यांनी केलं.

चौथं नाव मिळालं नाही. अजूनही नाही.

मोहल्ल्यातला खलाशी

शोध चालू आहे हे कळल्यावर खाडीकाठच्या मोहल्ल्यातून एक चाचा आले. त्यांचा पणजा मुंबईहून बोटीवर गेलेला. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची माणसं व्यापारी जहाजांच्या डेकवर सारंग, तांडेल, खलाशी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जात; गोऱ्या खलाशाच्या मानाने पगार कितीतरी कमी. महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी व्यापारी जहाजं बुडवली तेव्हा ही माणसंही बुडाली. मुंबईत मस्जिद बंदरच्या सेलर्स होममध्ये पहिल्या युद्धातल्या अशा दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचं स्मारक आहे. चाचांच्या पणज्याचं नाव त्या यादीत आहे, हुद्दा आणि जहाजासकट.

लगेच दोन मतं पडली. एक म्हणे, हाच चौथा, रिकामी जागा भरली, छान झालं. दुसरं म्हणे, फरशी फौजेची आहे, खलाशी सैनिक नव्हे, त्याला नको. चाचा दुसऱ्या मताच्या माणसाकडे वळून म्हणाले, "पान्यात बुडला तो काय लढाईत मेला नाय? बोट काय वाऱ्यानं फुटली?"

पहिलं मत ऐकायला उदार वाटतं, पण मला तेच जास्त चुकीचं वाटलं. फरशीवरचा आकडा पलटणीत गेलेल्यांचा असणार. जहाजावरचा माणूस मुंबईत भरती व्हायचा, गावच्या हिशेबात यायचाच नाही. त्याला चौथ्या जागी बसवलं असतं तर चौथा माणूस कायमचा पुसला गेला असता. शोध थांबला असता, कारण बेरीज जुळली असती. खलाशाला त्याची स्वतःची ओळ हवी होती, दुसऱ्याची उसनी नव्हे. २०२५ च्या मे महिन्यातल्या सभेत यावर बराच वेळ गेला. शेवटी मत १९७१ च्या जवानाच्या पत्नीने फिरवलं. त्या फारसं बोलल्या नाहीत, फक्त एवढंच विचारलं की यांच्या बायकांना कळवायला कोण गेलं असेल. त्यानंतर खलाशाला विरोध करायला कुणी उठलं नाही.

दगड

जे उभं राहिलं ते लहान आहे. नव्या शाळेच्या दारात, फाट्यावर नाही. जांभ्याचा कंबरेएवढा ओटा, त्यात जुनी फरशी तुटक्या कोपऱ्यासकट, आणि बाजूला काळ्या ग्रॅनाइटची नवी पाटी. कोपरा सिमेंटने भरून काढायची सूचना आली होती, ती मानली नाही. ओट्यात लोखंड कुठेही नाही. पाटी धरायला ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या आहेत. तोंड ईशान्येला, म्हणजे पावसाची झड पाठीवर. पावसाळ्यात शेवाळ कोण काढणार, हा प्रश्नही त्या काकींनीच काढला. ते काम आता शाळा व्यवस्थापन समितीकडे लेखी आहे, वर्षातून दोनदा.

नावं मरणाच्या तारखेच्या क्रमाने. यावर मानकरी मंडळींनी थोडी खळखळ केली, कारण गावात पालखीला खांदा द्यायचासुद्धा क्रम ठरलेला. पण तारखेशी भांडता येत नाही, तिथे त्यांचं काही चाललं नाही. प्रत्येक नावापुढे पलटण किंवा जहाज, वय माहीत असेल तिथे वय, आणि मरणाचं कारण कळलं तिथे तेही: 'साथीच्या तापाने'. हा शब्द कोरू नये म्हणून दोघं शेवटपर्यंत अडून होते. कोरला. चौथी ओळ 'नाव मिळालेलं नाही' अशी, तिच्यापुढे एका नावाची जागा सोडून. खाली खलाशी, आणि मग १९७१ चा जवान.

कार्यक्रम ७ डिसेंबर २०२५ ला झाला. सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून याच तारखेला पाळतात, आणि कुतच्या वेढ्याची सुरुवातही याच तारखेची. त्यातून तो रविवार, चाकरमान्यांना सोयीचा. डीजे नव्हता, पाहुण्यांच्या फोटोचे बॅनर नव्हते. हे दोन्ही टाळायला जितकी भांडणं झाली तितकी नावांच्या क्रमावरूनही झाली नसतील. ज्याचं नाव, त्याच्या घरच्याने हार घालायचा असा नियम होता. चौथ्या ओळीला हवालदारांनी घातला. काकींनी देवघरातली चकती आणली होती. ती शाळेत काचेच्या पेटीत ठेवायला द्यावी, अशी विनंती मुख्याध्यापकांनी केली. काकींनी साफ नाही म्हटलं आणि संध्याकाळच्या दिव्याआधी ती परत नेली. त्यांचं बरोबरच होतं.

कामं अजून बाकी आहेत. दोन नोंदींत गावाचं नाव ओळखू येऊ नये इतकं बिघडलेलं आहे, ती दुरुस्त व्हावी म्हणून कमिशनला पत्र लिहिलंय, सोबत शाळेच्या रजिस्टरची प्रत जोडलीय. जे परत आले त्यांची, म्हणजे फरशीवरच्या त्या मोठ्या, झिजलेल्या आकड्यातली नावं गोळा करायला खालच्या वाडीतली दोन मुलं लागली आहेत. जुनी पेन्शनची पुस्तकं, फेरफार, म्हाताऱ्यांच्या आठवणी, जे मिळेल त्यावर. आणि कमानीचा विषय संपलेला नाही. मुंबईच्या मंडळाने मे महिन्याच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो पुन्हा घेतलाय, विहिरीच्या गाळानंतर.